जोडीदाराला ब्लड कॅन्सर निघाला: नवऱ्या-बायकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

2022 च्या दिवाळीनंतर माझ्या बायकोला अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल, निघाला. ती तेव्हा 38 वर्षांची, शाळेत शिकवणारी. मी सहकारी बँकेत कॅशियर. चार किमो झाल्या, आता ती फक्त तपासणीपुरती दवाखान्यात जाते. तेव्हापासून ओळखीतून ओळख काढत लोक फोन करतात. बहुतेक नवरे किंवा बायकाच, आणि बहुतेक रात्री दहानंतर, पेशंट झोपला की. तेच तेच विचारलं जातं म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस आणि प्रोटोकॉल ज्यांच्या हातात फाईल आहे त्यांनाच विचारा.

1. कालच रिपोर्ट आला. डोकं सुन्न झालंय. या आठवड्यात नक्की काय करू?

आधी कुठला ब्लड कॅन्सर ते नीट विचारून घ्या. एकाच नावाखाली पुष्कळ वेगवेगळे आजार येतात आणि प्रत्येकाची घाई वेगळी असते. अक्यूट ल्युकेमिया (एएमएल किंवा एएलएल, म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) असेल तर दिवस मोजायचे असतात; चार ठिकाणी विचारत फिरायला वेळ नसतो. त्यातला एपीएल हा प्रकार तर पूर्ण रिपोर्ट यायच्या आधीच, नुसत्या संशयावर औषध सुरू करण्याचा, कारण पहिल्या काही दिवसांत रक्तस्रावाचा धोका फार. ते दिवस निभावले तर मात्र एट्रा आणि आर्सेनिकच्या औषधांनी बरे होणाऱ्यांचं प्रमाण खूप चांगलं आहे. लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, बायोप्सी आणि पेट स्कॅनला सहसा थोडा वेळ मिळतो. मायलोमात, म्हणजे हाडांच्या मगजातल्या पेशींच्या कॅन्सरमध्ये, हाडं आणि किडनी सांभाळायची असते, म्हणून दुखतंय म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून देऊ नका. सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) बहुतेकांचा रोजच्या गोळीवर चालतो. त्याचं प्रश्न 17 मध्ये.

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा: "अक्यूट (झपाट्याने वाढणारा) की क्रॉनिक (सावकाश वाढणारा), आणि उपचार किती दिवसांत सुरू व्हायला हवेत?" बाकीचं त्यावर ठरतं. आणि आजच्या आज दोन वस्तू घरात आणा: एक डिजिटल थर्मामीटर आणि एक दोनशे पानी वही.

2. सगळे नातेवाईक "कितवी स्टेज?" विचारतात. डॉक्टर सांगतच नाहीत. लपवताहेत का?

लपवत नाहीत. अक्यूट ल्युकेमियाला गाठीच्या कॅन्सरसारखी पहिली-दुसरी-तिसरी-चौथी स्टेज नसते. रक्तच ते, सगळ्या अंगभर फिरणार. तिथे पेशींमधले जनुकीय बदल पाहून कमी, मध्यम, जास्त धोका असे गट करतात आणि तो रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. लिम्फोमाला आणि मायलोमाला स्टेज असते, पण लिम्फोमाची चौथी स्टेज ऐकून हातपाय गाळू नका. त्यातलेही कितीतरी पूर्ण बरे होतात. नातेवाइकांना मी ठोकून सांगायचो, "याला स्टेज नसते, डबा असतो. गुरुवारचा तुम्ही आणा."

3. हा संसर्गजन्य आहे का? मुलांना होईल का?

संसर्गजन्य अजिबात नाही. एका ताटात जेवा, एका खोलीत झोपा. उलट तुमच्यापासून पेशंटला सर्दी-खोकला होण्याची भीती असते. मुलांकडे वारशाने जाणारे प्रकार आहेत, पण थोडे. तुमच्या केसमध्ये तशी शंका असेल तर डॉक्टर स्वतःहून सांगतील.

4. यांना सांगायचं का? सासूबाई म्हणतात, कळलं तर धीर सोडतील.

सांगा. मीही पहिले दोन दिवस "रक्तात इन्फेक्शन आहे" म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "वॉर्डाच्या दारावर काय लिहिलंय ते मला वाचता येतं." शाळेच्या बाईंना मी काय फसवणार? त्या दोन दिवसांचा राग तिने महिनाभर धरला, आणि बरोबर धरला.

किमोच्या संमतीपत्रावर सही त्यांची असते, तोंड आलं की त्यांनाच सहन करायचं असतं, ताप आल्याचं त्यांनाच आधी जाणवतं. ज्याला आजारच ठाऊक नाही तो माणूस यातलं काय नीट करणार? आकडे सगळे एकदम सांगायची गरज नसते. "तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" असं विचारायचं आणि तेवढंच सांगायचं. सासूबाईंची भीती बहुधा स्वतःची असते. त्यांनाही डॉक्टरांसमोर एकदा बसवा.

मुलांना आजाराचं नाव सांगा. आमचा धाकटा तेव्हा सहा वर्षांचा होता. "मी अभ्यासाला त्रास दिला म्हणून आईला झालं का?" हे त्याच्या मनात आठ दिवस होतं, आणि आम्हाला वाटत होतं त्याला काही कळत नाही.

5. मुंबईलाच न्यावं का? की इथेच, आमच्या जिल्ह्याच्या गावी?

ठिकाणापेक्षा तीन गोष्टी बघा: रक्ताच्या कॅन्सरचे वेगळे तज्ज्ञ, म्हणजे हिमॅटो-ऑन्कॉलॉजिस्ट, आहेत का, रात्री दोनला प्लेटलेट देईल अशी रक्तपेढी आहे का, ताप आल्यावर थेट दाखल करून घेतात का. तिन्ही असतील तर जवळचं गाव उत्तम, कारण हे काम महिनोन् महिने चालतं. लिम्फोमाची आर-चॉप ही किमो दर 21 दिवसांनी असते, ती पुष्कळदा डे-केअरमध्ये उरकते. त्यासाठी परळला खोली घेऊन राहण्यात अर्थ नाही. अक्यूट ल्युकेमियाचा पहिला महिना मात्र मोठ्या केंद्रातच काढावा असं माझं मत आहे.

टाटा मेमोरियल परळला, त्यांचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे रक्त तयार करणारा हाडांतला मगज बदलण्याचा उपचार, खारघरच्या ॲक्ट्रेक या त्यांच्याच केंद्रात. बेड नसेल तर तिथले डॉक्टर दुसऱ्या चांगल्या केंद्राचं नाव सुचवतात, ते मनावर घ्या. व्हरांड्यात वाट बघत दहा दिवस घालवू नका. दुसरं मत घ्यायला संकोच नको. जाताना लिम्फोमा असेल तर बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक, ल्युकेमिया असेल तर फ्लो सायटोमेट्री आणि सायटोजेनेटिक्सचे (पेशींचा प्रकार आणि त्यांतले जनुकीय बदल दाखवणारे) रिपोर्ट न्यायचे. नुसता डिस्चार्ज पेपर पुरत नाही.

6. मुंबईत राहायचं कुठे? येण्याजाण्याचं काय?

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही दोन नावं जुनी आणि भरवशाची. दोन्हीकडे गर्दी असते. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागेल का आणि सोबत किती माणसं चालतील, हे तिथे आधीच विचारा. काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) कमी असलेल्या पेशंटला सामायिक हॉलमध्ये ठेवावं का, हेही डॉक्टरांना विचारून घ्या.

रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबत्याला तिथे 75 टक्के सवलत. ठरलेल्या नमुन्यातला दाखला हॉस्पिटल देतं. एसटीतही सवलत आहे, आगारात चौकशी करा. पण काउंट पडलेले असताना गर्दीची एसटी नको. त्या दिवसांत उसनी का होईना, गाडी.

7. पैसे कुठून आणायचे?

आधी रेशनकार्ड शोधा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना, कार्ड पांढरं असलं तरी, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, टोल फ्री नंबर 155388. यात एक खाच आहे. योजना कॅशलेस आहे. आधी रोख भरून नंतर परत मागता येत नाही. म्हणून दाखल होतानाच, पहिली पावती फाडायच्या आधी, आरोग्यमित्राकडे जायचं. पॅकेज ठरलेली असतात. काय बसतं, काय नाही, हे त्याच्याकडून लिहूनच घ्या.

मेडिक्लेम असेल तर डे-केअर किमो, गोळ्यांची किमो आणि ट्रान्सप्लांटमधला दात्याचा खर्च या तीन ओळी पॉलिसीत शोधा. मर्यादा तिथेच लपलेल्या असतात. शिवाय मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी, सिद्धिविनायक न्यास. सगळीकडे हॉस्पिटलच्या सहीशिक्क्याचं अंदाजपत्रक लागतं, त्याच्या पाच-सहा प्रती जवळ ठेवा.

बँकवाला म्हणून आणखी एक. पेशंट शुद्धीत, हिंडता-फिरता असताना नॉमिनी, जॉइंट खातं, मोबाइल बँकिंग हे उरकून घ्या. "मरणाची तयारी करतोय" असं वाटतं, म्हणून कुणी बोलत नाही. एक वहिनी होत्या, नवरा व्हेंटिलेटरवर आणि एटीएमचा पिन फक्त त्याच्या डोक्यात. आमच्या काउंटरवर उभ्या राहून रडत होत्या आणि नियमाने आम्ही काही करू शकत नव्हतो.

8. ती वही म्हणता, त्यात लिहायचं काय?

तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, एएनसी (त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशींची संख्या), प्लेटलेट. पुढे ताप किती वाजता किती, शौचाला झाली का, काय खाल्लं, कुठलं औषध किती वाजता. डाव्या पानावर रोजचं, उजव्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. राउंडला डॉक्टर दोन मिनिटं उभे राहतात. प्रश्न लिहिलेले नसतील तर ते जातात आणि मग आठवतं.

आमच्या वहीत आणखी एक रकाना होता. दुसऱ्या किमोपासून तिला सायटाराबिनचे मोठे डोस होते. ते औषध कधी कधी मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागावर परिणाम करतं, म्हणून प्रत्येक डोसच्या आधी सिस्टर तिला नाकाला बोट लावायला, सरळ रेषेत चालायला आणि सही करायला सांगायच्या. मग मी वहीतच सही घ्यायला लागलो. बाईंचं अक्षर, रजिस्टरवर करायच्या तशी सही, शेवटी रेघ. एका सकाळी ती रेघ थोडी लांबली. सिस्टरने वही उचलून थेट डॉक्टरांकडे नेली. तपासणीत काही निघालं नाही, हात नुसता अशक्तपणाने थरथरला होता. पण डोस पुढे गेला तो बघून, तपासून.

एवढंच आपल्या हातात असतं असं मला वाटतं. इलाज डॉक्टर करतात. कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे, हे ओळखणारा माणूस आपणच.

9. रात्री ताप आला. क्रोसिन देऊन सकाळी नेलं तर चालेल का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

किमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात. एएनसी 500 च्या खाली असताना 100.4 फॅरनहाइट ताप म्हणजे तातडीचं काम. अंगात लढायला पेशीच नसतात, त्यामुळे पू होत नाही, सूज येत नाही, ताप हीच पुष्कळदा एकमेव खूण असते. ती खूण क्रोसिनने पुसून टाकली तर डॉक्टरांना कळणार कसं? आधी हॉस्पिटलला फोन, मग निघायचं. शिरेतून अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात सुरू झालं पाहिजे. कॅज्युअल्टीत पोचल्यावर "ताप आलाय" म्हणू नका. "किमो होऊन अमुक दिवस झालेत, काउंट कमी आहेत, ताप 101" असं म्हणा. रांग लगेच बदलते.

थंडी वाजून हुडहुडी भरली पण ताप दिसत नाही, तरी निघा. स्टेरॉइड चालू असलेल्यांना तर इन्फेक्शन असूनही ताप येत नाही कधी कधी. त्यांचं नुसतं गळून जाणं, बरळणं हेसुद्धा तापाइतकंच धरा. ताप काखेत किंवा तोंडात मोजा, गुदद्वारातून कधीच नको.

आमच्याकडे पहाटे 3.10 ला 101.2 होता. ती म्हणाली, "उजाडू दे, मुलं झोपलीत." ऐकलं नाही. शेजारच्या काकूंना उठवलं, मुलांपाशी बसवलं. तिच्या रक्तात जंतू निघाले.

10. प्लेटलेटसाठी लोक कुठून आणायचे? आणि माझा रक्तगट तोच असून माझ्या का घेतल्या नाहीत?

दाखल होतानाच दहा-बारा जणांची यादी करा: नाव, गट, फोन, रात्री येऊ शकतो का. एकाच दात्याच्या मशीनवर काढलेल्या प्लेटलेटना एसडीपी म्हणतात. तासभर ते दीड तास लागतो, शीर ठसठशीत लागते, आणि दात्याने आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नको. पिशवी पाचच दिवस टिकते म्हणून आधीपासून साठवून ठेवता येत नाही. सगळ्यांना एकदम बोलावू नका. आमचे बँकेतले चौघे एकाच दिवशी आले आणि पुढच्या आठवड्यात कुणीच उरलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला रात्री साडेअकराला मिळालं. रक्तपेढीच्या बाकावर मी बाही वर करून बसलो होतो. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "मुलं आहेत ना तुम्हाला?" दोन, म्हटलं. "मग तुमच्या नकोत." बाळंतपणात बाळातून वडिलांच्या पेशींची ओळख आईच्या शरीराला होते आणि तिच्या अंगात त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असू शकतात. नवऱ्याच्या प्लेटलेट मग तिच्यात टिकत नाहीत. बाही खाली केली. तुमच्याकडे नवरा पेशंट असेल आणि बायको दाता, तर नेमकी ही अडचण नाही, पण तिला मुलं झालेली असतील तर रक्तपेढीला आधी सांगा.

भाऊ-बहिणींनाही आधी थांबवा. पुढे ट्रान्सप्लांट लागला तर दाता बहुधा त्यांच्यातलाच असतो, आणि आधीच त्यांचं रक्त दिलं तर शरीर ते नाकारायला शिकतं. नातेवाइकाचं रक्त द्यावंच लागलं तर ते इरॅडिएट केलेलं, म्हणजे किरणोत्सर्ग दिलेलं, हवं. रक्तपेढीला "ल्युकेमियाचा पेशंट" हे स्पष्ट सांगा.

11. खायला काय द्यायचं?

शिजवलेलं, ताजं, गरम. काउंट पडलेले असताना कोशिंबीर, कच्ची चटणी, बाहेरचा उसाचा रस, पाणीपुरी बंद. जाड सालीचं फळ धुऊन, आपण सोलून. घरच्या दह्यावर डॉक्टरांची मतं वेगवेगळी असतात, तुमचे सांगतील ते ऐका. तोंड आलं की मऊ भात-वरण, रव्याची खीर, गार करून. मीठ आणि खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने दिवसातून चार-पाच गुळण्या, ब्रश लहान मुलांचा मऊ. लिम्फोमा आणि एएलएलमध्ये व्हिंक्रिस्टिन असतं, त्याने बद्धकोष्ठ घट्ट धरतं. तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका, लगेच सांगा. एनिमा मात्र घरी नको.

जबरदस्तीने भरवू नका. माझ्या सासूबाईंनी मायेने आणलेला शिरा बघूनच हिला उलटी व्हायची. दोघींनाही वाईट वाटायचं.

12. गव्हांकुराचा रस, पपईच्या पानांचा रस, गुळवेल? सगळेच सांगताहेत.

किमो चालू असताना नको. कच्च्या रसातून जंतू जातात, आणि कुठला काढा किमोच्या औषधाशी कसा वागेल हे घरी बसून कळत नाही. साध्या पदार्थांचंही भांडण असतं: पपनसाच्या जातीचं ग्रेपफ्रूट इमॅटिनिब आणि व्हेनेटोक्लॅक्स या ल्युकेमियाच्या गोळ्यांबरोबर चालत नाही, मायलोमाच्या बोर्टेझोमिबचा परिणाम ग्रीन टीतल्या घटकाने दबतो असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. भाजीतली हळद चालते, हळदीच्या कॅप्सूल नको. पेशंट लपून घेत असेल तर रागावू नका, डॉक्टरांना सांगा. आणि गावच्या वैद्यासाठी किमोची तारीख पुढे ढकलणाऱ्यांना मी फोनवरही शिव्या घातल्या आहेत.

13. घरी आणल्यावर स्वच्छता किती पाळायची? गणपतीत पाहुणे येणारच.

हात धुणं हे निम्मं काम. किमोनंतर साधारण दोन दिवस लघवी-उलटीत औषध उतरतं: झाकण लावून दोनदा फ्लश, कपडे-चादरी वेगळ्या, आवरताना हातमोजे. घरात कुणी गरोदर असेल तर तिने ते काम करू नये. डॉनोरुबिसिन किंवा डॉक्सोरुबिसिननंतर एखाद-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नसतं, रंग औषधाचाच.

गणपती बसवा, पेशंटला आतल्या खोलीत ठेवा, आरतीला दारातून. सर्दी झालेला माणूस कितीही जवळचा असला तरी उंबऱ्याबाहेर. खोलीत फुलं, कुंड्या नकोत. घरात किंवा मुलाच्या वर्गात कांजिण्या निघाल्या आणि पेशंटचा संबंध आला तर पुरळ यायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. घरातल्या इतरांनी फ्लूची लस घ्यावी. पेशंटला लस द्यायची ती डॉक्टरांनाच विचारून.

पिक लाईन, म्हणजे औषधासाठी दंडातून शिरेत घातलेली नळी, असेल तर आंघोळीला हातावर प्लॅस्टिक, त्या हाताला बीपीचा पट्टा नाही. आठवड्याचं ड्रेसिंग चुकवू नका.

14. केस गळायला लागलेत. तिला काय म्हणू?

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात, नंतर येतात. "केसच आहेत, येतील" हे वाक्य मी म्हणून बघितलं, त्यानंतर ती दिवसभर बोलली नाही. ते खरं असतं, पण आपण म्हणायचं नसतं.

उशीवर पुंजके दिसायला लागल्यावर तिनेच ट्रिमर आणायला सांगितलं. ब्लेड चालत नाही, प्लेटलेट कमी असताना एक कापही महाग पडतो. तिची आई अस्वस्थ झाली. सवाष्णीने केस काढायचे हेच त्यांना बघवेना, त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मोठ्या मुलीने आईचं डोकं धरलं, मी ट्रिमर फिरवला, कानामागे वाकडं झालं. मग तिने आरशात बघून टिकली लावली, नेहमीपेक्षा मोठी.

15. हे आता सारखे चिडतात. कधी अंगावर ओरडतात. हा आजार की स्वभाव?

एएलएल, लिम्फोमा, मायलोमा या तिन्हींत स्टेरॉइड असतं. त्या दिवसांत झोप उडते, भूक खवळते, साखर चढते, माणूस क्षणात रडतो, क्षणात भडकतो. वहीत स्टेरॉइडचे दिवस खुणा करून ठेवा. भांडणं बरोबर त्याच दिवसांवर पडतील. गोळी सकाळी जेवणानंतर दिली तर रात्र जरा बरी जाते, तरी डॉक्टरांना विचारा. हात उगारणं, जीव द्यायची भाषा, भास होणं हे मात्र सहन करत बसायचं नसतं, त्याच दिवशी कळवा. स्टेरॉइड नसतानाही तुटक वागत असतील तर त्यांचं दुःख वेगळं आहे. कमावता माणूस दुसऱ्याच्या हाताने लघवीचं भांडं घेतो, त्याला काय वाटत असेल?

16. विचारायला लाज वाटते, पण शरीरसंबंध? आणि आम्हाला अजून मूल नाही.

पहिली किमो सुरू व्हायच्या आधी "पुढे मूल हवंय" हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पुरुषाचं वीर्य एक-दोन दिवसांत गोठवून ठेवता येतं. स्त्रीबीज गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि अक्यूट ल्युकेमियात तेवढे दिवस पुष्कळदा नसतात. तिथे आधी जीव. हे वाईट आहे, पण आधी कळलेलं बरं.

उपचार चालू असताना गर्भ राहता कामा नये, आणि औषध शरीरद्रवांत उतरतं म्हणून निरोध वापरायचाच. प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी कमी असताना संबंध नकोतच. जवळ झोपणं, हात धरणं याला कुणी मनाई केलेली नाही.

नवऱ्यांसाठी एक: बायकोच्या पाळीची तारीख माहीत करून घ्या. प्लेटलेट कमी असताना पाळीतला रक्तस्राव थांबत नाही, म्हणून डॉक्टर पाळी थांबवायच्या गोळ्या देतात. किती पॅड लागले हे राउंडला सांगायला मी पहिल्यांदा चाचरलो, दुसऱ्यांदा नाही.

17. यांना सीएमएल आहे. दिसायला ठणठणीत, म्हणून गोळी चुकवतात. काय करू?

रोजची गोळी हाच इथला उपचार. इमॅटिनिबमुळे हा आजार पुष्कळांसाठी मधुमेहासारखा सांभाळायचा झाला. 2013 साली सुप्रीम कोर्टाने पेटंटचा दावा फेटाळल्यामुळे आपल्याकडे स्वस्त जेनेरिक गोळ्यांची वाटही मोकळी राहिली. पण महिन्यातून चार-पाच गोळ्या चुकल्या तरी बीसीआर-एबीएल, म्हणजे या आजाराचं जनुक, पुन्हा डोकं वर काढतं आणि मग गोळीच काम करेनाशी होते. सुरुवातीला तीन महिन्यांनी होणारी ती तपासणी चुकवू नका. "अमक्याची गोळी बंद झाली" हे खरं असेल. काही जणांची, वर्षानुवर्षं रिपोर्ट अगदी खाली राहिल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीत थांबवतात. स्वतःच्या मनाने थांबवण्याशी त्याचा संबंध नाही.

18. ट्रान्सप्लांट सांगितलाय. मी माझा बोन मॅरो देऊ शकते का?

नवरा-बायको रक्ताचे नातेवाईक नसतात, त्यामुळे जुळण्याची शक्यता जवळजवळ नाही. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आई-वडील आणि मुलं निम्मी जुळतात, आणि निम्म्या जुळणीवरही आता ट्रान्सप्लांट होतात. कुणीच नसेल तर दात्री किंवा मॅरो डोनर रजिस्ट्री इंडिया यांसारख्या नोंदणी संस्थांत शोध.

अपवाद आपल्याकडेच निघतो. तुमचं मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालं असेल तर तुम्ही एकमेकांची आते-मामे भावंडं आहात. निम्मं जुळण्याची थोडी शक्यता असते, डॉक्टरांना नातं सांगा. पण ती बायको पेशंट असेल आणि मुलं झालेली असतील तर प्रश्न 10 मधल्या अँटिबॉडी इथेही आडव्या येतात.

दात्याच्या घरच्यांना सांगा की मणक्यातून काही काढत नाहीत. बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शन आणि मग प्लेटलेट देतात तसं मशीनवर बसणं. ट्रान्सप्लांटनंतर पेशंटचा रक्तगट बदलून दात्याचा होऊ शकतो. जुन्या आधारकार्डाच्या पाकिटातली रक्तगटाची चिठ्ठी काढून टाका.

19. पहिल्या किमोनंतर "रेमिशन" म्हणाले, तरी पुढच्या किमो कशाला? आणि आजार उलटला तर?

रेमिशन म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही इतकंच. थांबलात तर बहुतेकांचा परत येतो. एएलएलचे उपचार तर दोन-अडीच वर्षं चालतात, शेवटचा भाग मुख्यतः गोळ्यांवर, आणि तिथेच लोक कंटाळून सोडतात.

उलटल्यावरही वाटा असतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने विकसित केलेल्या नेक्सकार19 या कार-टी (पेशंटच्याच पांढऱ्या पेशी बदलून कॅन्सरवर सोडणाऱ्या) उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. पण तो बी-सेल प्रकारच्या लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी, इतर उपचार थकल्यावर. एएमएलला आणि मायलोमाला तो नाही. फॉरवर्ड आलेली बातमी घेऊन धावायच्या आधी एवढं बघा.

आणि कधी डॉक्टर म्हणतात, आता वेदना कमी करू. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ते उपचार चालू असतानाही घेता येतं. मॉर्फिनला घाबरू नका. कुठे राहायचंय, कुणाला भेटायचंय, हे जोडीदाराला विचारा आणि तसं करा.

20. मीच थकलोय. हे कुणाला सांगू?

झोपेच्या पाळ्या लावा. आठवड्यातून एक रात्र दुसऱ्या कुणीतरी पेशंटजवळ बसायचं आणि तुम्ही घरी झोपायचं. त्याला वही दाखवून जा, म्हणजे काळजी कमी. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला लगेच नेमकं काम द्या: मंगळवारी मुलांना शाळेतून आणा. जो टाळतो तो पुन्हा विचारत नाही, तेही बरंच. स्वतःची बीपीची गोळी चुकवू नका. मी चुकवली होती, आणि तिच्या डे-केअरमध्ये मलाच सलाईन लागलं. ती शेजारच्या खाटेवरून हसत होती.

21. आमचं आधीच पटत नव्हतं. वकिलापर्यंत गेलो होतो. आता हे निघालं. मी काय करायचं?

हा प्रश्न मला तिघांनी विचारलाय, दोन बायकांनी, एका पुरुषाने. तिघांचंही म्हणणं, कुणाला सांगता येत नाही.

आजार निघाला म्हणून प्रेम परत येईलच असं नाही, आणि आलं नाही म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. कोर्टाची पुढची तारीख वकिलाकडून पुढे ढकलून घ्या. इंडक्शनच्या, म्हणजे पहिल्या किमोच्या, महिन्यात असले निर्णय कुणीच घेऊ नयेत. मेडिक्लेममध्ये जोडीदाराचं नाव असेल तर ते काढू नका, हप्ता चुकवू नका; एकदा आजार निघाल्यावर नवी पॉलिसी मिळणं अवघड. रात्री जवळ कोण थांबणार हे पेशंटला विचारून ठरवा. त्यांना तुमच्याऐवजी बहीण हवी असेल तर बहीण थांबेल, वही तिच्याकडे द्या. तुम्ही औषधं, बिलं, मुलं बघा. त्या तिघांपैकी एक बाई आजही तेवढंच करतात. नवरा वरच्या मजल्यावर आईकडे राहतो, या दर सोमवारी रक्ताचा रिपोर्ट आणून जिन्यात ठेवतात. त्याचं एएलएलचं गोळ्यांचं दुसरं वर्ष चालू आहे.